बाईसाहेबांची खुर्ची

सोमवार, ६ जानेवारी

रेडिओ बिघडलाय आणि दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर मला लिहायची हौस नाही. माझ्या हाताला सुईची सवय, पेनाची नाही.

काल लेक आली, नातीला घेऊन. या खेपेला चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. जावईबापू सोडायला आले होते, ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्यांची नोकरी तिकडे. नातीला जो व्यायाम लागतो तो शिकवणारी बाई इथे आहे, त्यांच्याकडे तसं कोणी नाही. पोरगी स्वतःची स्वतः बसायला लागली की परत जायचं, असं ठरलंय. तिकडच्या पाळणाघरात बसती मुलंच घेतात. ती बसेपर्यंत लेकीला कामावर जाता येत नाही, आणि तिचे साहेब फार दिवस वाट बघतील असं दिसत नाही.

म्हणजे सगळं एका बसण्यावर आलंय. आणि बसण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! मी जन्मभर खुर्च्यांचं गादीकाम केलं. थिएटरच्या खुर्च्या, न्हाव्याच्या खुर्च्या, बसगाडीची बाकं. एका दंतवैद्याच्या खुर्चीला मी असा फोम घातला होता की पेशंट तोंड उघडं टाकून झोपायचे. होईल सगळं नीट.

बायको, म्हणजे ही, गेल्यापासून दुकानावरच्या दोन खोल्यांत मी एकटाच होतो. आज जिन्यावर पोरीचं टोपडं वाळत घातलेलं दिसलं आणि बरं वाटलं. टोपडं कसलं, मुठीएवढं आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

नात जन्मली तेव्हा मी तिला 'कापूस' म्हणालो होतो. हातात घेतली आणि एकदम तसंच वाटलं. मऊ, बिनवजनाची. सगळे हसले होते. रडायची नाही, हातपाय झाडायची नाही. किती गुणाची पोर, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

ते गुण नव्हते. अंगातच जोर धरत नव्हता. दूध ओढायला तिला इतका वेळ लागायचा की ओढता ओढताच झोपायची. मग तपासण्या झाल्या. जनुकांमधला एक बारीकसा तुकडा हिच्यात नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या आजाराला लांबलचक नाव आहे, मला उच्चारता येत नाही. मी लेकीला विचारलं होतं, "आपल्याकडून आलं की त्यांच्याकडून?" ती म्हणाली, "कुणाकडूनच नाही बाबा. आपोआप झालं." आपोआप कसं होतं? फाटलेल्या गादीलासुद्धा काहीतरी कारण असतं.

आज सवयीने 'कापूस' म्हणून हाक मारली तर लेक म्हणाली, "तिला तसं म्हणू नका." आवाज चढवला नाही, पण ते नाव तिथेच संपलं. आता 'बाईसाहेब' म्हणतो. ज्यांना इकडून तिकडे न्यायला माणसं लागतात त्या बाईसाहेबच.

मंगळवार, १४ जानेवारी

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाईंकडे मीही गेलो. तरुण आहेत, केस कापलेले, जमिनीवर बसूनच सगळं काम. त्यांनी बाईसाहेबांना उताणं झोपवलं, दोन्ही हात धरून हळूच वर घेतलं. अंग वर आलं, डोकं मागेच राहिलं. एवढं लटकलेलं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. लेक खिडकीकडे बघत होती.

मग मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही उचला बघू." मी आपले नेहमीसारखे काखेत हात घातले, तर बाईसाहेब हातातून खाली निसटायलाच लागल्या. खांदे वर, अंग खाली. फिजिओबाईंनी खालून हात लावला म्हणून निभावलं. "काखेत धरायचं नाही. एक हात बुडाखाली, एक पाठीला," म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला पटलं. आपण नुसते बसलेले असलो तरी आपले स्नायू आतल्या आत थोडे ताणलेले असतात. आपल्याला कळतही नाही. हिचे ते सैल असतात. शक्ती नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी सुरुवात फार खालून करावी लागते. म्हणून लवकर दमते.

मी म्हटलं, "म्हणजे खुर्चीचे पट्टे सैल झाल्यावर होतं तसं." त्या हसल्या. "साधारण. फक्त हे पट्टे आपल्याला बाहेरून ओढून बसवता येत नाहीत."

ते त्यांनी म्हणायचं. येताना मी मनातल्या मनात लाकूड कापायला सुरुवात केली होती.

शनिवार, १ फेब्रुवारी

खुर्ची झाली! दोन आठवडे बाकीची कामं बाजूला ठेवली. थिएटरवाला बोंबलतोय, बोंबलू दे.

पाठ उंच, डोक्याला दोन्हीकडून कान, म्हणजे उशीचे टेकू. कुशीला गाद्या, म्हणजे कलंडणं नाही. मांड्यांच्या मध्ये उंचवटा, म्हणजे घसरणं नाही. कमरेला रुंद पट्टा, आतून लोकर. पाठीच्या कण्याजवळ फोम मऊ, बाजूंना जरा टणक. एकही टाका वर दिसत नाही. आमच्या धंद्यात चांगल्या खुर्चीची खूण एकच. बसलेल्याला आपण बसलोय हे विसरायला झालं पाहिजे.

बाईसाहेबांना बसवलं. बसल्या! ताठ, डोकं सरळ, समोर बघत. आजवर तिला छताकडे किंवा कुणाच्यातरी खांद्याकडेच बघताना पाहिलं होतं. पहिल्यांदा तिने माझ्याकडे समोरासमोर पाहिलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. शेजारचा घड्याळवाला मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "मला मोठ्या मापात करून दे अशीच एक."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

खुर्ची रिक्षात घालून फिजिओबाईंना दाखवायला नेली. त्यांनी सगळीकडून हात फिरवून पाहिली. "सुंदर काम आहे आजोबा. जेवण भरवताना वापरा. तेवढंच. बाकी दिवसभर जमिनीवर."

मी विचारलं, का? म्हणाल्या, "यात तिला काहीच करावं लागत नाही."

अहो, तेच तर! मी म्हटलं, "आपण बसलोय हे तिला विसरायला होतं."

"तिला विसरून चालणार नाही. आपण पडतोय हे तिला कळलं पाहिजे, तरच ती सावरायला शिकेल. तुमची खुर्ची तिचं काम करते."

परतताना लेक म्हणाली, "बाबा, त्यांनी चांगली पण म्हटलं ना." मी म्हटलं, हो, म्हटलं. चांगली पण.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आता आमच्याकडे दिवसभर जमीनच. दुकानात लाकडाचा भुसा झाडून कॅनव्हास अंथरतो, त्यावर बाईसाहेब. लेक वर स्वयंपाक करते तेव्हा त्या माझ्याजवळ असतात. एकटं सोडता येत नाही, कारण तिचं रडणं शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. एवढुसा आवाज.

बसवलं की ती पुढे वाकत जाते. वाकत, वाकत, शेवटी कपाळ जमिनीला टेकतं. तिथेच राहते, घडी घातल्यासारखी. कुरकुर नाही. परत उठवायचं, परत तेच. हे बघणं म्हणजे शिक्षा आहे. लेक मात्र न कंटाळता करते. तोंडाने काहीतरी गुणगुणत असते.

वरची मागची खोली रंगवून घेतली. फिकट पिवळा. तिथे ही असताना शिलाई मशीन होतं, ते खाली आणलं. पोरीला जरा मोठा पलंग लागेलच. सुताराला सांगून ठेवलंय. लेक म्हणाली, "कशाला बाबा, आम्ही काय कायमच्या आहोत?" मी म्हटलं, रंग उडाला होता म्हणून दिला. उडालाच होता.

बुधवार, ५ मार्च

लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे. लेक बाजारात गेली की मी बाईसाहेबांना खुर्चीत ठेवतो.

जमिनीवर ती कपाळ टेकून पडलेली मला बघवत नाही. खुर्चीत ती माझ्यासमोर बसते, मी काम करतो, तिच्याशी बोलतो. हे काय, तर वाकडी सुई. हे काय, तर काथ्या. ती तोंड उघडं ठेवून बघते. हातोडीचा आवाज आला की डोळे मिचकावते. ही गेल्यावर माझ्या कामाकडे इतकं लक्ष देऊन कोणी पाहिलं नव्हतं. लेकीची पावलं ऐकू आली की परत कॅनव्हासवर.

लेकीला अलीकडे मीच बाजारात पाठवतो. जरा पाय मोकळे होतात तिचे.

डोकं एका बाजूला झुकतंय असं वाटलं, म्हणून कानांना आणखी एक थर दिला.

मंगळवार, १८ मार्च

फिजिओबाई आज गंभीर होत्या. "मान छान धरायला लागली होती, आता पुढे का सरकत नाहीये? घरी किती वेळ जमिनीवर असते?"

लेक म्हणाली, "दिवसभर."

मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. पंख्याला जाळी धरली होती, ती मोलकरणीला दाखवायला हवी असं मला सुचवायचं होतं, पण ते बरं दिसलं नसतं.

रात्री जावईबापूंचा फोन होता. लेक गॅलरीत जाऊन बोलली. परत आली तेव्हा नाक लाल झालं होतं. सर्दी म्हणाली.

शुक्रवार, २१ मार्च

लेक पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. मला पावलं ऐकू आली नाहीत, कारण मी हातोडी चालवत होतो.

दारात उभी राहून तिने पाहिलं. बाईसाहेब खुर्चीत, पट्टा लावलेला, त्यांच्या मांडीवर रंगीत चिंध्या. मी म्हटलं, "आत्ताच ठेवली गं, दोन मिनिटं."

ती खुर्चीजवळ गेली. कानांवरचा नवा थर दाबून पाहिला. शेवटी माझीच लेक, कापड नवं आहे हे तिला कळतं. "किती दिवस चाललंय हे?"

मी काहीबाही सांगितलं. ती दमते, मला पाहवत नाही, थोडा आराम नको का.

"मी रोज तिला मांडीवर घेऊन विचार करते की माझंच काहीतरी चुकतंय. रोज! बाबा, तुम्हाला ती बसायला नकोच आहे."

असं म्हणाली. मलाच.

मी म्हणालो, तोंड सांभाळून बोल. जन्मभर लोकांना बसायला चांगली जागा करून दिली मी, आणि माझ्याच नातीने बसू नये असं मला वाटेल? पोरीला उचलून वर घेऊन गेली. एक हात बुडाखाली, एक पाठीला.

जेवायला बोलवायला आली नाही. मी दुकानात बसून राहिलो. काय बोलली ती! म्हणे नकोच आहे. त्या खोलीला रंग कुणासाठी दिला मग?

रविवार, २३ मार्च

दोन दिवस आम्ही बोललो नाही. घर एवढंसं, येता जाता अंगावर अंग येतं, आणि तरी बोलणं नाही. माणूस एकटा असला की निदान शांततेचा राग तरी येत नाही.

सुतार पलंगाचं माप घ्यायला आला. त्याला म्हटलं, सध्या नको.

मंगळवार, २५ मार्च

आज मी खुर्ची परत रिक्षात घातली. लेकीने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फिजिओबाईंपुढे ठेवली आणि म्हटलं, "हिचं काय करायचं सांगा. जाळायची तर जाळू."

त्या म्हणाल्या, "जाळायची कशाला? कमी करायची." खडू घेतला आणि डोक्याच्या कानांखाली रेघ ओढली. "आधी हे काढा. आठवड्याने घेऊन या, पुढची रेघ सांगते. आधार द्यायचा तो जेमतेम पुरेल इतकाच. जेमतेमच्या वरचा आपल्या समाधानासाठी असतो."

हे शेवटचं त्या मला बोलल्या की सगळ्यांनाच सांगतात, कोण जाणे. लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही. पण रिक्षात तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, म्हणजे राग उतरलाय.

संध्याकाळी कान उसवले. स्वतः घातलेले टाके उसवताना सुरी चालत नाही. इतके पक्के घालतो मी.

मंगळवार, ८ एप्रिल

कुशीच्या गाद्या गेल्या. पाठ खांद्यापर्यंत आली. बाईसाहेब डाव्या बाजूला कलंडतात, पट्ट्यावर लोंबकळतात आणि मग, खरं सांगतो, हळूहळू स्वतःच वर येतात. तोंड लाल होतं. अर्ध्या वाटेत थांबतात, दम खातात, परत निघतात. मला जिना चढून जाताना बघावं तसं.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतो, नाहीतर ते पुढे जातात.

मंगळवार, २२ एप्रिल

पाठ कमरेपर्यंत कापली. पट्टा काढला. आता ती खुर्ची राहिलेली नाही, नुसता पाट आहे आणि मागे वीतभर फळी. घड्याळवाला म्हणाला, "अरे, याला तू काम म्हणतोस?" मी म्हटलं, हो. तो खांदे उडवून गेला. त्याला कुठे समजावत बसू!

लेक आजकाल हसते. दूध पाजताना पोरीला म्हणते, "काय बाईसाहेब, बसणार का आज?" म्हणजे तिनेही माझं नाव उचललं.

बुधवार, ३० एप्रिल

बसली.

लेक फोनचं बिल भरायला गेली होती. मी सिनेमाच्या खुर्चीचं रेक्झिन ओढत होतो, तोंडात खिळे. बाईसाहेब कॅनव्हासवर, मी त्यांना हात जमिनीला टेकवून बसवलं होतं. सुतळीचं रीळ घरंगळत तिच्या पायाशी गेलं. तिने जमिनीवरचा एक हात उचलला. मग दुसरा. दोन्ही हातांनी रीळ धरलं आणि बसून राहिली. पाठ डुलत होती, पण पडली नाही. मागे काही नाही, बाजूला काही नाही. तोंडात खिळे होते म्हणून ओरडलोही नाही. तिने रीळ तोंडात घातलं, चाखलं, आवडलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच पुढे वाकली आणि हात टेकले.

लेक आल्यावर सांगणार होतो. ती आली, उन्हाने लाल झाली होती, पाणी प्याली. मग चहा झाला. मग तिने कपडे काढले दोरीवरचे.

नाही सांगितलं.

एकदा बसली म्हणजे बसायला लागली असं नसतं. पक्कं होऊ दे. उगाच लेकीला आशा लावायची आणि उद्या परत कपाळ जमिनीला. पक्कं झालं की सांगू.

शनिवार, ३ मे

काल परत बसली. आजही, जास्त वेळ. लेक तेव्हा वर होती.

अजून पक्कं नाही.

मंगळवार, ६ मे

लेकीला काय झालंय कळत नाही. माझ्या शर्टांची बटणं सगळी काढून नवी लावली. चांगली होती. काल मला अंडी उकडायला आणि बटाट्याची भाजी करायला शिकवत होती. मी म्हटलं, "तू आहेस की." तर म्हणते, "येत असलेलं बरं." मग फोनवर समोरचं माणूस दिसतं ते कसं करायचं ते तीनतीनदा करून घेतलं. मी काय तान्हा आहे?

आणि घड्याळवाला! रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे येऊन बसतो. वर्षानुवर्षं शेजारी आहे, कधी चहा विचारला नाही, आता स्वतःहून कप धुतो. मी विचारलं, बायकोशी भांडलास का? म्हणाला, "तुझ्या मुलीनं सांगितलं, तुझ्याशी जरा गप्पा मारत जा म्हणून." आता याला काय म्हणावं. घरात माणसं असताना मला बाहेरून गप्पा कशाला मागवायच्या?

आज फिजिओबाईंकडे लेक एकटीच गेली. मला म्हणाली, "तुम्ही दुकान बघा, थिएटरचं काम राहिलंय." राहिलंच होतं. आल्यावर विचारलं, काय म्हणाल्या? "चालू ठेवा म्हणाल्या."

गुरुवार, ८ मे

दुपारी जेवून वर गेलो, तर लेक मागच्या खोलीत फोनवर होती. दार लोटलेलं. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण जिन्यात उभा राहिलो की ऐकू येतंच.

"नाही रे, अजून नाही. अजून थोडे दिवस. हो, मला पण. मला काय करमतं का इथे? रोज तुझा शर्ट उशाला घेऊन झोपते. पण अजून नाही म्हटलं ना."

मग नाक ओढल्याचा आवाज.

मी खाली आलो. खिळे मोजायला घेतले, मोजता येईनात. माझी पोर कुणाच्यातरी शर्टावर डोकं ठेवून झोपते आणि तिकडे तो माणूस रिकाम्या घरात वाट बघतो. आणि मी म्हणतोय पक्कं होऊ दे. ही गेल्यावर हिचा ब्लाऊज मी किती दिवस उशाखाली ठेवला होता ते मला माहीत आहे. सगळं माहीत असून असा वागलो. माझी मलाच लाज वाटली.

शुक्रवार, ९ मे

सांगितलं.

लेक कॅनव्हासवर पोरीसमोर बसली होती. मी हातातलं काम ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोललो. बसून बोललो असतो तर धीर गेला असता. "ती बसते. गेल्या आठवड्यापासून. हात सोडून. मी पाहिलं आणि तुला सांगितलं नाही."

मला वाटलं आता फटकारणार. तिने पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कधी पहिल्यांदा?"

"तू बिल भरायला गेलीस तेव्हा. बुधवारी."

"माझ्यासमोर त्याच्या आदल्या रविवारी बसली, बाबा."

मी खाली बसलो. म्हटलं, "मग बोलली नाहीस ते?"

"कशी बोलू? तुम्ही त्या खोलीला रंग दिलात." आणि तिला रडू फुटलं. "मी ठरवायचे, आज सांगते. मग तुम्ही दुकानातून वर यायचात आणि आधी पाळण्यात डोकावायचात. माझं तोंडच उघडायचं नाही. ह्यांना पण खोटंच सांगत होते. फिजिओबाई म्हणाल्या, आता घरीच करा, इथे यायची गरज नाही. ते पण लपवलं."

"म्हणून अंडी?"

"म्हणून अंडी."

मग आम्ही दोघंही हसलो, म्हणजे रडतच हसलो, मूर्खासारखे. आणि त्या गडबडीत बाईसाहेबांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या मधोमध बसल्या होत्या. हात मोकळे. या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत.

मी म्हटलं, "जावईबापूंना फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."

रविवार, ११ मे

गेल्या.

जावईबापू न्यायला आले होते. पोरीला बसलेली बघितली आणि स्टेशनवर सगळ्यांदेखत रडले. चांगला माणूस आहे. गाडी सुटताना लेक म्हणाली, "जेवत जा." मी म्हटलं, जा जा, शहाणी झालीस.

सोमवार, १२ मे

काही नाही.

गुरुवार, १५ मे

थिएटरच्या खुर्च्या पूर्ण झाल्या. माणूस घेऊन गेला. दुकान एकदम मोठं दिसतंय. भाजी केली, करपली. घड्याळवाला येतो, बसतो. त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नसतं, माझ्याकडेही नाही. पण येतो.

कॅनव्हास अजून अंथरलेलाच आहे. त्याला वळसा घालून चालतो.

रविवार, १८ मे

दुपारी फोन वाजला, समोर दिसतं तसला. माझा अंगठा आधी चुकीच्या जागी पडला, मग जमलं. लेक दिसली, मग फोन फिरवला आणि बाईसाहेब दिसल्या. त्यांच्या घरातली जमीन, त्यांची खिडकी, ऊन. मागे कोणी नाही, बाजूला कोणी नाही. एकट्या बसलेल्या. पाळणाघर उद्यापासून, लेक सांगत होती. मी 'बाईसाहेब' म्हटलं, तर तिने मान वळवली. आवाज कुठून आला ते शोधत होती. आधी उजवीकडे पाहिलं, मग मागे. मागे बघताना ती कलंडली.

माझे दोन्ही हात पुढे गेले.

फोन हातातून सुटला, टेबलाला आपटला आणि खाली कॅनव्हासवर पालथा पडला. मी तसाच हात पसरून उभा. खालून लेकीचा आवाज येत होता, "सावरली बाबा! बघितलंत? हात टेकला तिने, स्वतःच! बाबा? काळं दिसतंय सगळं. कुठे गेलात?"

मी गुडघ्यावर बसलो. फोन लगेच उचलवेना.

"इथेच आहे," म्हटलं.